ज्याला चढत नव्हती

आमच्या दादाला दारू चढत नसे. हे वाक्य आमच्या नात्यात वर्षानुवर्षं कौतुकाने म्हटलं गेलं. एखाद्याचा गळा गोड आहे म्हणतात, त्याच सुरात. लग्नकार्यात मावसभावांची टोळी मागच्या खोलीत बसायला निघाली की मावशी दादाला हाक मारायची, "तू जा रे त्यांच्याबरोबर. तुला काही होत नाही. सगळ्यांना धड घरी आण." दादा जायचा, सगळ्यांच्या बरोबरीने आणि वर थोडी जास्तच घ्यायचा, आणि मग एकाला खांद्यावर टाकून, दुसऱ्याला बखोटीला धरून परत आणायचा. कोणाची चप्पल कोणती हेसुद्धा त्याच्या लक्षात असे. मीही मैत्रिणींना सांगितलंय, आमचा दादा अख्खी बाटली रिचवतो आणि वर सुईत दोरा ओवून दाखवतो. आता ते आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं.

आई मात्र हे कौतुक सुरू झालं की उठून आत जायची. मला वाटायचं, सोवळेपणा करते.

दादा कवळ्या बनवायचा. दंतवैद्यांकडून हिरड्यांची मापं यायची, त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, ते रुग्णाच्या तोंडात लावून बघायला पाठवायचं, आणि सगळं जुळलं की मेणाच्या जागी पक्की गुलाबी कवळी तयार करून घासून चकचकीत करायची. कारखाना म्हणजे औषधांच्या दुकानावरची एक लांबट खोली. खिडकीकडेला तीन टेबलं, कोपऱ्यात घासायचं मशीन, आणि दिव्यांपासून टोपल्यांपर्यंत सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. कपाटातल्या खणांमध्ये पांढऱ्याच्या सोळा छटांचे दात. एकोणिसाव्या वर्षी दादा तिथे लागला आणि पाच वर्षांत तिथला पहिल्या टेबलाचा माणूस झाला.

त्याची खुबी अशी, की नवशिके सगळे दात कवायतीला उभे केल्यासारखे लावतात आणि मग माणूस हसला की कवळी हसते. दादा माणसाचा तरुणपणीचा फोटो मागवून घ्यायचा. एखादा दात किंचित वळवायचा, एखाद्या सुळ्याची धार जराशी झिजवायचा. एक आजीबाई आरशात बघून रडल्या होत्या म्हणे, म्हणाल्या, "मेल्याने माझं तोंड परत आणलं." दादाने ही गोष्ट घरी एकदाच सांगितली, मी मात्र शंभर ठिकाणी सांगितली.

त्या कारखान्यात शनिवारी शेवटचा माल गेला की बसायची पद्धत होती. मालक, दोन कारागीर आणि दादा. तिथे एक खेळ ठरून गेला होता. चौथा ग्लास झाला की दादाने मेणावर पुढचे सहा दात बसवायचे आणि मालकाने पट्टी लावून बघायचं. सरळ आले तर सोमवारी घासायचं मशीन बाकीच्यांनी साफ करायचं. दादाने म्हणे कधी सोमवारी मशीन साफ केलं नाही. मालकाने त्याचं नाव ओळंबा ठेवलं. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. पुढे बड्या दंतवैद्यांना खूश ठेवायला मालक त्यांच्याबरोबर संध्याकाळी बसायचा, तेव्हा दादाला हटकून न्यायचा. "तू चल. तुझी जीभ घसरत नाही." म्हणजे ज्याला सगळ्यात आधी लांब ठेवायला हवं होतं, त्यालाच सगळ्यांनी पुढे बसवलं. शहाण्यांची फौज नुसती!

आता आमचे बाबा. बाबा बस डेपोत टाइमकीपर होते. गेटशेजारच्या खिडकीत बसायचे; कोणती गाडी किती वाजता सुटली, कोण घेऊन गेला, सगळं त्यांच्या हातातून जायचं. पण त्यांची ख्याती त्याबद्दल नव्हती. प्रत्येक ड्रायव्हरने गाडीवर चढण्याआधी खिडकीशी येऊन "नमस्कार साहेब, आज बारा नंबर" असं मोठ्याने म्हणायचं, असा त्यांचा नियम होता. ते मान देण्यासाठी नव्हतं; तोंड उघडावं म्हणून होतं. बाबा मान खाली घालून लिहीत असायचे आणि तसेच म्हणायचे, "घरी जा. उद्या ये." काल रात्रीची असली तरी त्यांना कळायची. वेलची खाल्ली असली, कांदा खाल्ला असला तरी कळायची. ड्रायव्हर लोक त्यांना पाठीमागे नाक म्हणत. स्वतः आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या माणसाला हे कसं कळतं, याचं सगळ्यांना नवल वाटायचं. मलाही वाटायचं. इतकं डोळ्यांसमोर होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दादा कारखान्यात लागला त्याच्या तिसऱ्या की चौथ्या शनिवारी तो घरी आला आणि उंबऱ्यातच बाबांनी त्याला थांबवलं. "बोल काहीतरी," म्हणाले. दादा म्हणाला, "काय बोलू?" एवढे दोन शब्द पुरले. बाबांनी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो दाराच्या चौकटीवर आपटला. मी पंधरा वर्षांची होते, अभ्यासाचं पुस्तक हातात तसंच राहिलं. बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, "आपल्या सात पिढ्यांत कोणी शिवलेलं नाही. तू कुठून निघालास?"

हे वाक्य दादाच्या पाठीला चिकटलं ते चिकटलंच. त्यानंतर तीन वर्षं बापलेक बोलत नव्हते. मग दादाचं लग्न झालं, त्याने वेगळी खोली घेतली, वहिनी समजूतदार होती, बरीच वर्षं वरून तरी सगळं ठीक चाललं. तो रोज घेत होता हे वहिनीला माहीत होतं. पण घेऊन तो ना बडबडायचा, ना पडायचा. उलट भांडी घासून ठेवायचा. तक्रार कशाची करणार?

या काळात मी एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. घरोघर जाऊन नमुने घ्यायचे. माझा हात हलका आहे, म्हातारी माणसं मलाच पाठवा म्हणतात. यकृताचे बिघडलेले आकडे मी रोज बघायचे आणि मनात म्हणायचे, भोगा आता कर्माची फळं. कारण मला स्वतःचा मोठा अभिमान होता. एकदा एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या जेवणात कुणीतरी सरबतात वाइन मिसळून मला दिली होती. अर्धा ग्लास पोटात गेला नसेल, तर तोंड तापून लाल झालं, छाती धडधडायला लागली, आणि मी मोरीत जाऊन सगळं ओकले. घरी येऊन आईला म्हटलं, "बघ, आपल्याला सोसतच नाही. संस्कार लागतात." आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझं नशीब चांगलं." संस्कार म्हटलं तर ही नशीब काय म्हणते, असं मला तेव्हा वाटून गेलं.

दादा चाळिशीला आला आणि उलटा हिशेब सुरू झाला. आता घेतली नाही तर त्याचा हात हलायला लागला. सकाळी कारखान्यात जायच्या आधी थोडी, म्हणजे दात सरळ बसायचे. मग दुपारी थोडी. एक दिवस त्याने एका निवृत्त मास्तरांची वरची कवळी आणि भलत्याच एका बाईंची खालची कवळी एकाच डबीत भरून पाठवली. मास्तर म्हणे दवाखान्यात आ वासून बसले आणि तोंड मिटेचना. कारखान्यात आठवडाभर सगळे हसले. पुढच्या महिन्यात तसंच पुन्हा झालं तेव्हा कोणी हसलं नाही. मालकाने ओळंब्याला पहिल्या टेबलावरून उठवून प्लास्टर कालवायला बसवलं. ज्या माणसाने दहा वर्षं त्याला दंतवैद्यांपुढे बाटलीसारखं मिरवलं, त्याने.

वहिनी माहेरी गेली. मी तिला दोष देत नाही. दादा आईबाबांकडे परत आला, चार महिने राहिला, तीनदा सोडली म्हणाला आणि तीनदा खोटं बोलला. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला येतो म्हणाला आणि आला नाही. माझ्याकडून औषधाला म्हणून पैसे नेले आणि औषध आणलं नाही. चौथ्या महिन्यात बाबांनी सांगितलं, बास. दादा फाटकापर्यंत गेला, परत आला, आणि दार वाजवलं. आईने आतून कडी घातली. हे आईनेच मला फोनवर सांगितलं आणि मी म्हटलं, "बरं केलंस." खरंच म्हटलं. मला त्याचा इतका राग होता. एकाच ताटात जेवलो, एकाच शाळेत गेलो, एकाच बापाचा मार खाल्ला. मी नीट राहिले, मग याला काय धाड भरली होती?

त्यानंतरची चार वर्षं दादा कारखान्याच्या पोटमाळ्यावर झोपायचा. व्यसनमुक्तीच्या वॉर्डात दोनदा राहून आला, दोन्ही वेळा बाहेर पडून महिनाभर टिकला. तिसऱ्यांदा मालकानेच त्याला नेऊन भरती केलं आणि मला फोन केला. या खेपेला तिथे एक नवीन डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी मला आणि आईला बोलावून घेतलं. बाबा आले नाहीत.

डॉक्टर बाईंनी फॉर्म पुढे ओढला. "घरात आणखी कुणाला हा त्रास? वडील, आजोबा, काका?"

"छे हो," मी आईच्या आधी म्हटलं. "आमचे वडील तर थेंबाला शिवलेले नाहीत. सगळ्या गावाला विचारा."

आई खाली बघत होती. "नाही," म्हणाली. बाईंनी रकान्यात 'नाही' लिहिलं.

मग मी माझी मळमळ ओकले. एकाच घरातले आम्ही दोघं, मला अर्धा ग्लास सोसत नाही आणि हा असा. मनच कच्चं, दुसरं काय?

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्हाला ओकारी झाली ते तुमचं मन पक्कं म्हणून नाही. तुमच्या शरीराला ती पचवता येत नाही. तुमच्या दारात कुत्रा आहे, तो पहिल्याच पावलाला भुंकतो. तुमच्या भावाच्या दारात कुत्राच नाही. पाहुणा आत आला, बसला, राहिला, मालक झाला, तरी घराला पत्ता नाही."

"पण त्याला चढतच नव्हती," मी म्हटलं.

"तेच तर. ज्याला चढत नाही त्याला जास्त धोका. चढणारा तिसऱ्या ग्लासाला थांबतो, कारण त्याचं शरीरच त्याला पाडतं. न चढणारा पीत राहतो, लोक त्याला शाबासकी देतात, आणि दहा वर्षांत शरीराला तिची सवय होऊन बसते. सगळंच रक्तातून येतं असं नाही. अर्धं येतं म्हणा. बाकीचं, किती लवकर सुरू केली, कुणाच्या संगतीत, मनाला काय टोचत होतं, यावर. म्हणून विचारलं, घरात कुणी होतं का. कारण तुमचे भाऊ एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगतात. सात पिढ्यांत मीच एक नासका निघालो. ज्याला आपण मुळातच नासके वाटतो, तो माणूस कशासाठी झगडेल? घराण्यात एखादा सुटलेला असता तर मी त्यालाच समोर बसवलं असतं. औषधापेक्षा जास्त उपयोग होतो."

आईने पदराने चष्मा पुसला. मला वाटलं, लेकासाठी रडतेय.

चार दिवसांनी सकाळी मी आत्याकडे रक्त घ्यायला गेले. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, त्र्याऐंशी वर्षांची, कान जरा जड, जीभ शाबूत. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून चहा मिळाला नव्हता, त्यामुळे तोंडाचा पट्टा सुरू होता. मी तिच्या दंडाला पट्टा आवळत दादाची बातमी सांगितली आणि वर नेहमीसारखं म्हटलं, "बाबांच्या पोटी हा असा कसा आला गं?"

आत्या खुदकन हसली. "कसा म्हणजे? बापावर गेलाय. आणखी कुणावर जाणार?"

मी सुई हातात धरून तशीच बसले.

"का गं? अजून नाही सांगितलं का तुम्हाला? कमाल आहे बाई. मी म्हटलं एवढी घोडी झाली, आता तरी सांगितलं असेल." आणि तिने सगळं सांगितलं. बाबा डेपोत लागायच्या आधी दुसरीकडे होते, तिथून त्यांना काढलं होतं. सकाळी चूळ भरायच्या आधी त्यांना ती लागायची. आणि चढायची नाही, कितीही घेतली तरी. एकतिसाव्या वर्षी पोट फुगलं, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा आईने दोन वर्षांच्या दादाला आत्याच्या घरी नेऊन सोडलं आणि नवऱ्यापाशी बसली. अकरा महिने. दाराला आतून कुलूप, किल्ली पोलक्यात. त्याने मारलं तरी उठली नाही, पाया पडला तरी उठली नाही. बारा महिन्यांनी दादा घरी परत गेला तेव्हा आईला काकू म्हणाला.

हे काकू प्रकरण आमच्या घरात विनोद म्हणून सांगितलं जायचं. आईला तेव्हा बरं नव्हतं, म्हणून तो आत्याकडे होता, असं.

"घे ना लवकर," आत्या म्हणाली, "हात दुखायला लागला." माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला शीर सापडायला तीन वेळा टोचावं लागलं.

मी तिथून थेट आईकडे गेले. आई वाटाणे सोलत होती. मी समोर बसून काय कळलं ते सांगितलं. ती सोलतच राहिली, फक्त दाणे टोपलीत आणि साली ताटात पडायच्या त्या उलट पडायला लागल्या.

"त्याला सांगू नकोस," ती म्हणाली.

"आई, त्या बाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? तू तिथेच बसली होतीस! तुझ्यासमोर 'नाही' लिहिलं त्यांनी. बाबा सुटले, म्हणजे दादा सुटू शकतो. एवढंच त्याला कळायला हवं होतं आणि तुम्ही सत्तावीस वर्षं त्याला..."

"तुझ्या बाबांचा मान जाईल. लोक काय म्हणतील? जन्मभर ज्याने दुसऱ्यांची तोंडं हुंगली..."

"आणि दादाचा जीव गेला तर?"

आईने पुढची शेंग उचलली. मी तणतणत उठले, चप्पल घातली, आणि सरळ वॉर्डात जायला हवं होतं ते गेले नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. मी घरी गेले. मला वाटलं, बाबांनी स्वतः सांगावं, तेच शोभेल. मग बाबांना राजी करण्यात दिवस गेले. बाबा पेपर वाचायचे, मी बोलायचे, बाबा पान उलटायचे. सहाव्या दिवशी मी म्हटलं, "तुम्ही नाही सांगितलंत तर मी डेपोच्या गेटवर जाऊन सांगेन." हा वार वर्मी बसला. आईबाबांनी ठरवलं, दादाला सोडायच्या दिवशी, रविवारी सकाळी, येतील. आणि पुढचं घरीच बघू, असंही आई म्हणाली. मला जिंकल्यासारखं वाटलं. म्हणजे रविवार उजाडेपर्यंत आत्याकडून कळल्याला नऊ दिवस झाले होते आणि दादा त्या नऊ दिवसांत, मीच नासका, असं मानून त्या खाटेवर झोपत होता.

भेटीची खोली लहान होती. प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या, टेबलावर पाण्याचा जग, भिंतीला हिरवट रंग. दादा दाढी करून आला होता, बॅग भरून पायाशी ठेवली होती. वाळलेला, पण डोळे स्वच्छ. बाबांना बघून तो उठून उभा राहिला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, शाळेतल्यासारखा. डॉक्टर बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाड्यांच्या वेळा वाचून दाखवाव्यात तसं त्यांनी सांगितलं. "मी एकतिसाव्या वर्षापर्यंत प्यायचो. सकाळपासून प्यायचो. पहिली नोकरी त्याच्यापायी गेली. नंतर सोडली. चव्वेचाळीस वर्षं घेतली नाही." आणि थांबले.

दादाने विचारलं, "तुम्हाला चढायची?"

"नाही," बाबा म्हणाले. "कधीच नाही."

दादाच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. "मला मारलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"वास आला. भ्यालो मी."

"मग भ्यालो म्हणायचं होतं, बाबा. सात पिढ्या कशाला काढल्या?"

बाबांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. मला त्यांची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचा संतापही आला.

दादाने ग्लासात पाणी ओतलं, प्यायला, आणि अगदी शांतपणे विचारलं, "सोडली तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं?"

"तुझी आई," बाबा म्हणाले. "अकरा महिने. तिच्यामुळे."

दादाने आईकडे बघितलं. तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. आईचे हात मांडीवर एकमेकांत अडकले होते, बोटं पांढरी पडली होती.

"मला तुझ्या डोळ्यांत ते पुन्हा दिसत होतं रे," ती म्हणाली. "पहिल्यापासून दिसत होतं. तेच हात, तेच बडबड न करणं, तेच भांडी घासून ठेवणं. पण माझ्यात उरलंच नव्हतं. जेवढं होतं ते ह्यांच्यावर संपलं. तू दार वाजवलंस तेव्हा मी आत उभी होते, आणि मला फक्त एवढंच वाटलं, आता पुन्हा नाही. देवा, पुन्हा नाही." ती रडली नाही. रडणंही संपलेलं असावं.

मग दादाने मान हलवली. एखाद्या गिऱ्हाइकाचं म्हणणं पटल्यावर हलवावी, तशी. "बरोबर आहे, आई. तू किती जणांसाठी बसणार?"

मग तो माझ्याकडे वळला. "तुला कधी कळलं?"

"परवा..." मी सुरुवात केली. खोटं. जिभेवर आपोआप आलं, घरातलंच वळण. "नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस," तो म्हणाला. रागाने नाही.

डॉक्टर बाई पुढे झुकून म्हणाल्या, पुढचे काही महिने यांनी एकटं राहू नये. पोटमाळा नको, कारखाना तर नकोच. कोणीतरी जवळ हवं. रोज. त्यांनी आईबाबांकडे बघितलं. आईने तोंड उघडलं, मिटलं. बाबा जमिनीकडे बघत होते.

आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझं घर दोन खोल्यांचं आहे. नवरा पाळीवर जातो. मुलगी दहावीला आहे, बाहेरच्या खोलीत अभ्यास करते. वाढदिवसाला न आलेला दादा मला आठवला, औषधाच्या नावाखाली फसवून गेलेला दादा आठवला, आणि अकरा महिने किल्ली पोलक्यात ठेवणारी आई आठवली, जिचं पुढच्या जन्मापर्यंतचं सगळं संपून गेलं. एवढं सगळं आठवायला किती वेळ लागतो? पाच श्वास. फार तर सहा. तेवढ्यात मी ठरवलंही होतं. देवाशपथ ठरवलं होतं.

"दादा, तू माझ्याकडे चल," मी म्हटलं.

पण तोवर तो उठला होता आणि बॅगेचा पट्टा त्याने खांद्यावर घेतला होता. "राहू दे गं," तो म्हणाला. "तुला विचार करावा लागला ना?"